पहिली फळी

सुभद्रेचं पत्र आलं तेव्हा शामरावांनी ते दुकानात उभ्या उभ्याच वाचलं, आणि मग बसून पुन्हा वाचलं. उत्तर मात्र दिलं नाही. चार वर्षं दिलं नाही. ज्या माणसाने कुणाच्या साध्या लग्नपत्रिकेची पोच द्यायचीसुद्धा कधी राहू दिली नव्हती, त्याच्या हातून हे एवढं एकच पत्र बिनउत्तराचं राहिलं, आणि राहिलं म्हणूनच ते त्यांना तोंडपाठ झालं.

पत्र गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं होतं. ‘श्री. शामराव यांसी सुभद्रेचा नमस्कार. पत्रास कारण की, आमच्या घरची व्यक्ती गेली त्याला आता दोन महिने होतील. त्यांची पत्रं तुम्ही लिहीत होता म्हणून तुम्हांस विचारते. तुमचं अक्षर या घरात सर्वांच्या ओळखीचं आहे. शिवा सांगतो की, कोणीतरी पहिली फळी लावली, मग सगळी दुकानं बंद झाली आणि मग पोलीस आले. तर ती पहिली फळी कोणी लावली एवढं कळवावं. दुसरं मागणं नाही. मुलगा खुशाल आहे.’

मागणं एवढंच होतं, आणि तेवढंच देता येत नव्हतं.

शामराव कशेळकरांचं जुन्या शाळकरी पुस्तकांचं दुकान गिरगावात फणसवाडीच्या बाजूला होतं. दुकान म्हणजे भिंतीतलं एक कपाटच. त्यात ते सकाळी बसायचे आणि जून महिना सोडला तर दिवसभर वाचत राहायचे. विकायला आणलेलं भूगोलाचं पुस्तकसुद्धा ते आधी वाचून काढत. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली. बोलणं थोडं, तेही समोरच्याने दोनदा विचारलं तर. गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची वेळ आली की स्वतःच ओशाळे होत आणि पुस्तक पडत्या भावात देऊन टाकत. रस्त्यावरचे दुकानदार त्यांना मागे ‘पान पंधरा’ म्हणायचे, कारण कधीही बघावं तर स्वारी पुस्तकाच्या पानात.

त्यांच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, बाबुरावांचं तसबिरींचं दुकान. गुणाजी तिथे कामाला होता. काच कापायची, चौकटी ठोकायच्या, गिऱ्हाइकाला देव नीट गुंडाळून द्यायचे. वय तिशीच्या आतबाहेर. राहायला लालबागेत, गिरणीत असलेल्या चुलतभावाच्या, शिवाच्या खोलीवर. बायको आणि मुलगा देवगडच्या बाजूला गावी. गुणाजीला लिहिता येत नव्हतं. महिन्यातून एकदा, भरदुपारी, तो एक पोस्टकार्ड घेऊन रस्ता ओलांडायचा आणि शामरावांच्या ओट्यावर टेकायचा.

“लिवा, हंय सगळा बरा आसा.”

“बरं. पुढे?”

“फुडे काय? ह्याच.”

“एवढ्यासाठी कार्ड? निम्मं कोरं जाईल.”

“मग घाला तुमी काय ता. तुमी शिकलेले.”

शामराव घालत. ‘इकडे थंडी पडली आहे, तिकडेही असेल, मुलाच्या छातीला जपावे. दुपारी काम नसले की घराची फार आठवण येते.’ वाचून दाखवलं की गुणाजी कानापर्यंत लाल व्हायचा.

“असा मी खंय बोललंय?”

“खोडू का?”

तो जरा वेळ ट्रामच्या रुळांकडे बघत बसायचा. “ऱ्हवांदे,” म्हणायचा. “लिवलास तर ऱ्हवांदे आता.”

तिकडून उत्तरात कधी शिवाबरोबर कोकमाच्या सोलांची पुडी यायची, कधी कुळथाचं पीठ. ‘कागद लिवतत तेंका’ असं सांगून पाठवलेलं. शामरावांना स्वयंपाकातलं फारसं कळत नव्हतं. सोलं ते तशीच बरणीत घालून फडताळात ठेवत आणि अधूनमधून झाकण उघडून वास घेत. जगात कुठेतरी एका घरात आपण लिहिलेली ओळ मोठ्याने वाचली जाते, आणि ती ऐकायला माणसं बसतात, ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी वाटलीही नाही.

आता फळ्यांचं थोडं सांगायला हवं. तेव्हा त्या रस्त्यावर लोखंडी शटरं तुरळक. बाकी सगळ्या दुकानांना लाकडी फळ्या. उंबऱ्याच्या आणि वरच्या चौकटीच्या खाचेत एकेक फळी उभी सरकवत न्यायची, शेवटची बसली की वर आडवी पट्टी आणि कुलूप. फळी खाचेत बसताना ठक्क असा कोरडा आवाज होतो. रात्री दुकानं बंद होताना तो कुणाच्या कानांवरही पडत नाही. अवेळी झाला तर मात्र रस्ताभर माना वर होतात. अवेळी फळी म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर काहीतरी पेटलं. आणि अशा वेळी विचारत बसायची रीत नव्हती. शेजाऱ्याने फळी लावली तर आपण आधी लावायची, मग बाहेर येऊन विचारायचं, काय झालं? उघडा राहिला तो एक तर निर्लज्ज, नाहीतर फितूर. या रीतीत भीती किती आणि माणुसकी किती हे कुणी कधी निवडून पाहिलं नव्हतं.

छप्पन्न सालच्या जानेवारीतले ते दिवस. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीने रेडिओवरून सांगितलं आणि शहर उकळायला लागलं. लालबाग-परळला गोळीबार झाले, गिरगावात झाले. रस्ता काही दिवस बंदच होता. मग एके दिवशी जरा निवळल्यासारखं वाटलं म्हणून सगळ्यांनी दुकानं उघडली. माणसं तांदूळ-रॉकेलला बाहेर पडली, ट्राम सुरू झाली. बोलणं दबक्या आवाजात होतं, पण चाललं होतं.

दुपार कलली तेव्हा शामराव वाचत होते. ठक्क असा आवाज झाला. त्यांनी मान वर केली. समोर गुणाजी बाबुरावांच्या दुकानाची फळी लावत होता. एक लागली होती. त्याने दुसरी उचलली आणि सरकवली. घाई नव्हती, पण तोंडावर काही दिसतही नव्हतं, कारण पाठ इकडे होती.

शामरावांच्या मनात आलं, हा लालबागचा. याच्या कानावर काहीतरी आलं असणार.

ते उठले. एरवी त्या रस्त्यावर शेवटी उठणारा माणूस हाच, कारण पुस्तकात बुडालेल्याला आवाज ऐकूच यायचा नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी पुस्तक पालथं घातलं आणि भराभर एकामागून एक सगळ्या फळ्या लावल्या. घाईत फळ्या आदळत होत्या, म्हणून आवाजही मोठा झाला. शेजारच्या पानवाल्याने तो ऐकला आणि वाकून पाहिलं. शामराव कुलूप लावतायत! त्याने पानांवर ओलं फडकं टाकलं आणि आपली फळी घेतली. त्याचं बघून दुधवाल्याने. मग कापडवाल्याने. मग तो आवाज रस्त्याने चालत गेला, या कडेने, त्या कडेने, थेट नाक्यापर्यंत. नाक्यावर ट्राम येत होती. दुतर्फा फळ्या लागताना बघून ट्रामवाल्याने ब्रेक दाबला आणि तो खाली उतरला. उतारू उतरले. चाळींमधून माणसं गॅलऱ्यांत आली आणि जी तरुण होती ती जिने उतरून खाली आली. रस्त्यात माणसं का जमली हे बघायला आणखी माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, परळला पुन्हा गोळी चालली. त्याला ते कुणी सांगितलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. एकाने घोषणा दिली आणि दुसऱ्याने ती उचलली. तिसऱ्यापासून पुढे ती सगळ्यांची झाली.

त्या गर्दीतून गुणाजी वाट काढत शामरावांकडे आला. हातात काच पुसायचं फडकं होतं.

“काय झाला हो, शामराव?”

“बंद आहे म्हणतात.”

“खंयसून इलो बंद?”

“काय माहीत. तू आत जा.”

“आत काय जाऊ? बाबुराव जेवूक गेलेहत. दुकान तसाच उघडा पडला. आधी फळये लावतंय.” आणि तो परत पलीकडे गेला.

एक पोलिसांची गाडी दुसरीकडेच कुठे निघाली होती. तिला रुळांवर उभी ट्राम आडवी आली. गाडी थांबली, पोलीस खाली उतरले. आता समोर हजारभर माणूस आणि सगळी दुकानं बंद, म्हणजे हे ठरवूनच केलेलं, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांचंही काय चुकलं? वरून काहीतरी खाली पडून फुटलं. पुढचं शामरावांनी नीट पाहिलं नाही. ते जमिनीवर बसले होते आणि कानांवर हात होते. हात काढले तेव्हा रस्ता रिकामा होता आणि समोर बाबुरावांच्या उंबऱ्यात गुणाजी पडला होता. तिसरी फळी त्याच्या अंगावर आडवी होती. ती बसवताना त्याची पाठ रस्त्याकडेच असणार.

बाबुरावांचं दुकान पुन्हा उघडलं तेव्हा शामराव एकदा तिकडे गेले. बाबुराव बोलका, तोंडाळ माणूस. त्या दिवशी तोही जमिनीकडे बघून बोलत होता.

“माझा माणूस गेला शामराव, आणि बंद कुणाचा होता तेच कुणाला माहीत नाही. चळवळीतल्या एकाला धरून विचारलं. तो म्हणतो, त्या दिवशी आमचा बंद नव्हताच. मग कुणाच्या बापाचा होता?”

“फळ्या तर पहिल्यांदा गुणाजीने…” शामराव इतकंच म्हणाले.

“त्या होय? त्या उन्हाच्या.” बाबुरावांनी वर बोट दाखवलं. “तीन वाजले की ऊन सरळ आत येतं, माझे देव पांढरे पडतात. म्हणून तो गोणपाटाचा पडदा असायचा. त्या दिवशी सकाळी दादरचं एक गिऱ्हाईक आलं. ही एवढी मोठी लक्ष्मी घेतली आणि काच फुटेल, काच फुटेल म्हणून नुसती कटकट. शेवटी गुणाजीने पडदाच उतरवून तिला गुंडाळून दिला. मी म्हटलं, अरे शहाण्या, दुपारी काय करशील? तर म्हणाला, दोन फळये सरकवतंय. झालं. मी जेवायला गेलो.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही कुणाचं बघून उठलात?”

“आठवत नाही,” शामराव म्हणाले.

“पानवाला म्हणतो, शामराव उठले म्हणून मी उठलो. म्हणतो, एरवी धोतराला आग लागली तरी तो माणूस पान संपल्याशिवाय हलायचा नाही. तो उठला म्हणजे काहीतरी भयंकरच असणार.” बाबुराव हसले. त्यात टोचणी नव्हती.

बाबुरावांच्या डोक्यात दोन गोष्टी जोडल्या गेल्या नव्हत्या. शामरावांच्या डोक्यात जोडल्या गेल्या, आणि मग सुटेनात. जो ‘काय झालं’ म्हणून विचारत आला होता, त्याच्याच हातून ते झालं होतं. आणि दादरचा तो गृहस्थ आपली लक्ष्मी भिंतीला लावून रोज हात जोडत असेल. त्याला काय ठाऊक?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुभद्रेचं पत्र आलं.

उत्तराचे मसुदे त्यांनी पुष्कळ केले. ‘कोणीच सुरू केलं नाही’ असं एकदा लिहिलं, पण जिचा नवरा गेला तिला असं सांगणं म्हणजे दार लावून घेण्यासारखं वाटलं. ‘सगळ्यांनीच केलं’ असं लिहिलं आणि तेही फाडलं. खरं ते लिहायला बसले की ‘गुणाजीने’ हा शब्द लिहून पुढे हात चालत नसे. त्यांना सवय होती कुठलंही कोडं पडलं की पुस्तकात जाऊन बघायची. तशी त्यांनी इतिहासाची पुस्तकं काढून चाळली. त्यांत सगळ्याला कारणं होती आणि कारणं मोठी होती. राजाचा स्वभाव, धान्याचा तुटवडा, तहातलं कलम. गोणपाटाचा पडदा कुठेच नव्हता. आपल्यालाच वाचता येत नसावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

एकदा त्यांच्याच चाळीतल्या, वरच्या मजल्यावरच्या राधाबाई जिन्यात भेटल्या. तोंडाच्या फटकळ, पण शामरावांना त्या सणावाराला वाटीभर काहीतरी आठवणीने पाठवत. त्यांच्या रस्त्यावरच्या गॅलरीत पूर्वी सब्जाच्या कुंड्या असायच्या. हल्ली कठडा रिकामा होता.

“सब्जा लावला नाहीत यंदा?” शामरावांनी विचारलं. आपणहून त्यांनी एवढं विचारलं याचंच राधाबाईंना नवल वाटलं असावं.

“नाही लावत आता.” त्या दोन पायऱ्या चढल्या आणि पुन्हा उतरल्या. “त्या दिवशी पडली ती माझी कुंडी होती, शामराव. एवढ्याशा गॅलरीत पंचवीस जणी. माझं कोपर लागलं की शेजारणीचं, देवाला ठाऊक. खाली कुणी म्हणालं दगड, कुणी म्हणालं सोडावॉटरची बाटली. होता सब्जा.”

“तुमचा काय दोष?”

“तेच म्हणते मी स्वतःला. दिवसातून दहादा म्हणते.” आणि मग एकदम फटकारून, “तुम्ही काय उभे आहात असे? जा, डाळ पाठवते.”

अशी वर्षं गेली. बाबुरावांनी दुसरा माणूस ठेवला आणि नवा पडदा शिवला. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, निवडणुका झाल्या. साठ साल उजाडलं तेव्हा मुंबईसह महाराष्ट्र होणार हे नक्की झालं होतं आणि गिरगावात माणसं लग्नघरासारखी एकमेकांशी हसून बोलत होती. शामरावांनाही बरं वाटत होतं. पण कुणी त्यांच्यासमोर हुतात्म्यांचं नाव काढलं की ते पुस्तकं झटकायला घेत.

माघ संपत आला होता. एका सकाळी शिवा दुकानात आला. गुणाजीचा हा चुलतभाऊ थोराड, गिरणीच्या आवाजाने कानांनी थोडा मंद झालेला. म्हणून बोलायचाही मोठ्याने. हातात सोलांची पुडी होती. चार वर्षं उत्तर नाही, तरी दरवर्षी पुडी येत राहिली होती.

“वहिनीन पाठवल्यान. आणि इचारल्यान, शामराव बरे आसत मां?”

“मी बरा आहे. ती?”

“तिचा काय सांगू तुमका?” शिवा ओट्यावर बसला. “औंदा शिमग्याक देवळात गाऱ्हाणा घालूचा म्हणता. गुरवाकडे बोलली पण. चार वर्सा वाट बघितलंय म्हणता, कोण सांगणा नाय, तर आता देवाकच घालतंय. ज्यान पयली फळी लावली तेचो वंस बुडांदे म्हणान.”

शामरावांच्या हातातली पुडी खाली ठेवली गेली.

“वंश?”

“मग? आमच्याकडे तसाच असता. एकट्याचा काय घेवन बसलास? गाऱ्हाणा लागला तर मुळासकट लागता.” शिवाच्या बोलण्यात वहिनीबद्दल काळजी होती आणि देवाबद्दल शंका नव्हती. “मी म्हटलंय तिका, अगो, नाव म्हायत नाय, गाव म्हायत नाय, कोणाक लागतला? तर म्हणता, देवाक म्हायत आसा. तो शोधीत जायत आणि बरोबर तेच्याच घरात शिरात.”

“पोर कसं आहे?”

“पोर? बरा आसा. दुसरीत गेला. बापासारखा हसता.” शिवा उठला. “माझी रजा नाय, मी काय जाणार नाय शिमग्याक. तुमी काय सांगूचा आसात तर एक कागद टाका. तुमचा अक्षर बघून तरी तिका बरा वाटात.”

तो गेला. एक विद्यार्थिनी अंकगणिताचं पुस्तक मागायला आली, शामरावांनी तिला व्याकरणाचं दिलं आणि ती परत घेऊन आली तरी त्यांना कळलं नाही.

त्यांचा गाऱ्हाण्यावर विश्वास नव्हता. निदान नसावा असं त्यांना वाटत असे. पण प्रश्न त्यांच्या विश्वासाचा नव्हताच. त्या बाईचा होता. देवळाच्या पायरीशी सगळा गाव उभा राहणार, गुरव मोठ्याने बोलणार, गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार, आणि तिचं पोर तिचा पदर धरून शेजारी उभं असणार. पुढे कधी, दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी, कुणाच्या तोंडून तिला उन्हाची आणि पडद्याची गोष्ट कळली तर? बाबुराव बोलका माणूस होता. आज त्याने दोन टोकं जोडली नव्हती. उद्या गप्पांच्या भरात जोडली जातील, आणि शिवाच्याच कानावर जातील. मग त्या पोराला साधा ताप आला तरी ती बाई रात्रभर काय विचार करत बसेल?

खरं लिहिलं तर ते आजच घडणार होतं. गप्प राहिलं तर शिमग्याला गाऱ्हाणं पडणारच होतं.

मग बऱ्याच वेळाने त्यांच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो इतका साधा होता की चार वर्षं तो का आला नाही याचीच त्यांना लाज वाटली. गुणाजीने दोन फळ्या लावल्या होत्या. सातांतल्या दोन. दुकान उघडंच होतं. एका दुकानाला दोनच फळ्या लागलेल्या असतील तर ते दुकानदाराचं स्वतःचं काहीतरी असतं. कुणाला ऊन असतं, कुणाला झोप असते. दुसरं दुकान बंद झालं की मगच त्याला बंद म्हणतात. त्या दिवशी रस्त्यावर पहिलं कुलूप लागलं ते जुन्या पुस्तकांच्या दुकानाला. लोक गुणाजीकडे बघून उठले नव्हते. ते पान पंधराकडे बघून उठले होते.

म्हणजे हे खोटं होतं का? शामरावांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. तिने पहिली फळी विचारली होती आणि ती गुणाजीचीच होती. तेव्हा खोटं होतंच. पण त्यांनी आजवर वाचलेल्या कितीतरी खऱ्यांपेक्षा ते कमी खोटं होतं. आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, भाऊ नव्हता, पुतण्या नव्हता. देव शोधत आलाच, तर या घरात त्याला बुडवायला वंश मिळणार नव्हता.

एकच गोष्ट जड जात होती. त्या घरात त्यांचं अक्षर ओळखीचं होतं. ते बघून अजूनही कुणाला तरी बरं वाटणार होतं. आता एकदाच, शेवटचं, ते तिथे वाचलं जाईल, आणि मग चुलीत जाईल. पुडी येणं बंद होईल. ते काही फार मोठं नव्हतं. पण त्यांच्याकडे दुसरं तसं काही नव्हतंही.

दुपारी त्यांनी कागद घेतला. आज मसुदा केला नाही.

‘सौभाग्यवती’ असं हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. त्यांनी तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला.

‘श्रीमती सुभद्राबाई यांस शामराव कशेळकर यांचा नमस्कार. तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला चार वर्षं लागली, याबद्दल क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही. तुम्ही विचारलं होतं की पहिली फळी कोणी लावली. ती मी लावली. बंद नव्हता, कोणी सांगितलं नव्हतं, कारणही नव्हतं. मी घाबरट मनुष्य आहे, मला भास झाला आणि मी दुकान लावून घेतलं. माझं पाहून बाकीच्यांनी लावलं. गुणाजीने दगड उचलला नाही आणि घोषणाही दिली नाही. तो मला विचारायला आला होता की काय झालं, आणि मी त्याला खरं उत्तर दिलं नाही. मग तो मालकाचं दुकान उघडं टाकून जायचं नाही म्हणून परत गेला. तो इमानी होता. मुलाला हे सांगावं.’

मग लिहिलं:

‘आजवर त्याच्या पत्रांत मी पदरच्या ओळी घालत होतो. पण घराची आठवण येते असं लिहिलेलं वाचून दाखवलं की तो ते खोडू देत नसे. तेव्हा ते त्याचंच समजावं.

शिवाकडून गाऱ्हाण्याचं समजलं. ते घालावं. मात्र नाव न घेता घालू नये, म्हणजे ते भलत्या घरी जाणार नाही. माझं पूर्ण नाव शामराव भिकाजी कशेळकर, मुक्काम फणसवाडी, गिरगाव, मुंबई. गुरवांना हेच नाव सांगावं. पुढे कोणी दुसरं नाव सांगितलं तर ते खरं मानू नये.’

त्यांनी पत्र वाचून पाहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं होतं, याचं त्यांना वाईट वाटलं. लखोट्यावर मास्तरांच्या मार्फत म्हणून पत्ता घातला, डिंक लावला, वर हात दाबून धरला.

फळ्या लावल्या नाहीत. शेजारच्या पानवाल्याला म्हणाले, “जरा लक्ष ठेव रे, आलोच.”

“आज कुठे शामराव? पान संपलं वाटतं?”

“पोस्टात.”

पोस्टासमोर गर्दी होती. नव्या राज्याचं काहीबाही बोलत माणसं उभी होती, त्यांतून अंग चोरत ते पेटीपर्यंत गेले. लखोटा फटीत घातला तेव्हा एक माणूस मागून म्हणाला, “काका, टाका ना, खोळंबलोय.” त्यांनी मागे वळून त्याला “हो, हो,” म्हटलं, आणि पत्र सोडलं.